जागा रिकामी असल्यास

माझ्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात विमानाचं तिकीट विकत घेतलं नव्हतं. आपण कधी दारूला शिवलो नाही, हे काही माणसं ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात ते हे सांगायचे. नोकरी देशाच्या विमान कंपनीतली, आणि तीही कंपनी रांगत होती तेव्हापासूनची. कंपनीबद्दल बोलताना ते 'आम्ही' म्हणायचे. 'आम्ही यंदा दोन नवी विमानं घेतोय.' मी म्हणायचे, 'घ्या की. पण आधी स्वयंपाकघरातला नळ घ्या. ताई वर्षभर त्याला फडकं बांधतेय.' यावर ते मनापासून हसायचे आणि नळ तसाच गळत राहायचा.

त्यांचं काम लोड विभागात. विमानात माणसं किती, सामान किती, टपाल किती याचा हिशेब करायचा, कुठलं वजन पुढे आणि कुठलं मागे ते ठरवायचं, म्हणजे विमान तोल सांभाळून उडतं. सुरुवातीला कंपनीकडे चारदोन पंख्यांची विमानं होती, ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि प्रवासी बोटांवर मोजण्याइतके. विमान कधीकधी इतकं रिकामं जायचं की तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात वाळूची पोती टाकावी लागायची. भाऊजी ती उभं राहून चढवून घ्यायचे. पोती जायची, उतरायची, दुसऱ्या विमानाने परत यायची. त्या पोत्यांनी किती शहरं बघितली असतील कोण जाणे. माझी ताई मात्र तेव्हा घरी बसून होती, आणि ते मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं.

कारण कंपनीचा नियमच होता, नोकरमाणसाला आणि त्याच्या घरच्यांना प्रवास फुकट. अट एकच, जागा रिकामी असल्यास. तिकीटवाले सगळे बसले आणि तरी जागा उरली, तर तुम्ही. त्या काळात जागाच जागा होत्या. लग्नानंतर भाऊजी ताईला एकदा जवळच्या शहरात घेऊन गेले, सकाळी गेले आणि संध्याकाळी परत. विमानात दहाबारा डोकी. ताईला खिडकी मिळाली. 'अगं, ढग खालून दिसतात तसे नसतातच मुळी,' एवढंच ती सांगायची, पण दर वेळी नव्याने सांगायची. त्यानंतर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत गाडं तिथेच रुतलं. कधी कोणी रजेवर, कधी नवं विमान येणार, कधी वरचे साहेब तपासणीला. ताईने कधी कुरकुर केली नाही. तिच्या वाटची कुरकुर मी करत आले.

मग कंपनीला बरे दिवस आले. पंख्यांची विमानं गेली, जेट आली. पत्र्याची शेड पाडून काचेची इमारत उभी राहिली, विमानांच्या शेपट्यांवर नवा रंग चढला, भाऊजींच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. वाळूची पोती कुठे गेली कुणी विचारलंही नाही. एक दिवस भाऊजी दारातूनच ओरडले, 'अगं ऐकलंस का, आज फुल्ल! एक जागा रिकामी नाही!' ताई हात पुसत बाहेर आली. 'अगबाई, हो का?' पोटचं पोर परीक्षेत पहिलं आल्यासारखी ती फुलली होती. मग ते रोजचंच झालं. ज्या दिवशी 'फुल्ल' त्या दिवशी भाऊजींना चहा चांगल्या कपात. मी म्हणायचे, 'ताई, बसले ते लोक. तू कशाला नाचतेस?' ती म्हणायची, 'तुला नाही कळायचं. त्यांनी रक्त आटवलंय त्यात.'

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रांगायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. मुंगीला स्थळ आलं ते लांबच्या देशातलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण ताईचा जीव होईना. नेमकी त्याच वर्षी कंपनीने त्या देशाला थेट विमान सुरू केलं. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. म्हणाले, 'सकाळचा चहा इथे घे आणि रात्रीचं जेवण लेकीकडे. आपलंच विमान आहे! शेजारच्या गल्लीत दिली समज.' ताईने रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणाली. लेक दिली ती त्या विमानाच्या भरवशावर.

मुंगीला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा ताई फोनला धरून रडली. मुंगीचे तिथल्या रहिवासाचे कागद व्हायचे होते, ते होईपर्यंत तिला देश सोडता येत नव्हता. म्हणजे जायचं यांनीच. ताईने निळी बॅग काढली, बाळासाठी दुपटी शिवली, झबली शिवली. भाऊजींनी कंपनीचा टाय बांधला आणि दोघं विमानतळावर गेले. सोडायला मी होतेच.

काउंटरवरची मुलगी भाऊजींच्या ओळखीची. ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, 'काका, आज फुल्ल आहे हो.' आणि मी शपथेवर सांगते, तो शब्द ऐकून भाऊजींचा चेहरा आधी खुलला. सवयच ती. मग त्यांचं लक्ष ताईकडे गेलं आणि त्यांनी टायची गाठ उगाच सैल केली.

'पुढच्या आठवड्यात बघू,' ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फुल्ल. त्याच्या पुढच्याही. सुट्ट्या होत्या म्हणून फुल्ल, सुट्ट्या संपल्या म्हणून फुल्ल. निळी बॅग दाराजवळच राहू लागली. ताई मधूनमधून ती उघडायची, लहान झालेली झबली काढायची आणि मोठ्या मापाची घालायची. फोनवर मुंगीला विचारायची, 'उंची किती झाली गं? आणि छाती?' झबल्यांचे फ्रॉक झाले, फ्रॉकना खिसे आले. नात बॅगेत वाढत होती. लहान झालेले कपडे ती शेजारपाजारच्या बाळांना द्यायची आणि दाखवताना तोंडभर हसायची, पण एकदा एक पिवळं झबलं देता देता तिने परत घेतलं आणि उशीखाली ठेवलं. ते मी बघितलं.

भाऊजी निवृत्त झाले आणि आणखी पंचाईत झाली. निवृत्त माणूस रांगेत सगळ्यांच्या मागे. शिवाय कॉम्प्युटर आता असा की जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतो, कारण काही लोक ऐनवेळी येत नाहीत याचा त्याला अंदाज असतो. हे भाऊजी मला कौतुकाने समजावून सांगत होते! 'एक सीट वाया जात नाही,' म्हणे. माझं डोकंच फिरलं.

'भाऊजी, जावई तिकीट पाठवतो म्हणतोय. का घेत नाही?'

'माझ्या कंपनीच्या विमानात माझी बायको तिकीट काढून बसणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.'

'लोकांना काय पडलंय? ताईचं वय काय होतंय बघताय ना?'

'मेव्हणीबाई, आमच्यात कुणी तिकीट घेत नाही. आजवर कुणी घेतलेलं नाही.'

मी आणखी काही बोलणार होते, तर ताईनेच आतून हाक मारली आणि मला दटावलं, 'राहू दे गं. मनाला लागतं त्यांच्या. इतके दिवस थांबले, आणखी थोडे.' त्या क्षणी मला भाऊजींपेक्षा तिचाच जास्त राग आला.

आणि एका दुपारी विमानतळावर असेच बसलो होतो, तर ती काउंटरवरची मुलगी धावत आमच्यापाशी आली. 'काका, एक जागा आहे! एकच. काकू एकट्या जातील का?' ताई गोंधळली. ती कधी एकटी बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. तिने भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, 'जा. मी पुढच्या विमानाने येतो.' तिने बॅग उचलली, दोन पावलं गेली, परत आली, त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि गेली. काचेच्या दाराआड जाताना ती तिशीतल्या बाईसारखी चालत होती.

आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिलो. विमान समोरच होतं. भाऊजी मला बोटाने दाखवत होते, सामान कुठून चढतं, इंधन कुठून. मग त्यांचं बोट मध्येच थांबलं. इंधनाची गाडी गेली होती, ती परत आली होती.

'काय झालं?' मी विचारलं.

'वाटेत वारा उलटा असणार. जास्त इंधन घेतायत. म्हणजे वजन कमी करावं लागेल.' पुढचं मला सांगावं लागलं नाही. वजन कमी करायचं तर फुकटचं माणूस आधी उतरतं.

ताई त्याच काचेच्या दारातून बाहेर आली. बरोबर एक तरुण अधिकारी, बिचारा मान खाली घालून तिची बॅग घेऊन येत होता. 'सॉरी काकू,' तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताईच हसून त्याला म्हणाली, 'असू दे रे बाळा.' मग आमच्याकडे वळून म्हणाली, 'सीट किती छान आहेत गं नव्या! खिडकी होती मला. पट्टासुद्धा लावला होता.' भाऊजींनी बॅग घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, 'बरोबर आहे त्यांचं. त्या टेबलावर मी असतो तर मीही तेच केलं असतं.'

ताईने ते ऐकलं.

त्यानंतर ती विमानतळावर गेली नाही. भाऊजी म्हणायचे, 'आज बघू या का जाऊन?' ती म्हणायची, 'नको. बसलेल्याला उठवतात तिथे.' आवाजात राग नसायचा, राग असता तर मला बरं वाटलं असतं. बॅग मात्र तिने दारातून हलवली नाही. शेवटचा फ्रॉक तिने भलताच मोठा शिवला, दोन वर्षांनी होईल असा. मी म्हटलं, 'अगं, पोरगी त्यात हरवेल.' ती म्हणाली, 'आता घाई नाही ना काही.' त्याची एक बाही टाचायची राहिली होती, तेव्हाच एका सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशी कोसळली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. नळ गळतच होता, फडकं सुटलं होतं. मुंगी फोनवर आक्रोश करत होती. कागद अजून झाले नव्हते.

पुढचे काही महिने भाऊजी बोलेनासे झाले. जेवायला वाढलं तर जेवायचे. मग एक दिवस नळ दुरुस्त करून घेतला. मी आले तेव्हा तोटी उघडून बंद करून मला दाखवली, आणि तिथेच ओट्याला धरून ढसाढसा रडले. मीही रडले. त्यांच्यावरचा माझा सगळा राग त्या ओट्याशी वाहून गेला असं म्हणवत नाही मला, पण बराच गेला.

त्यानंतर ते शहरातल्या कंपनीच्या ऑफिसात गेले आणि रांगेत उभं राहून तिकीट काढून आले. मला फक्त एवढंच म्हणाले, 'मुंगीकडे जातोय. सोडायला ये.'

विमानतळावर त्यांनी टाय बांधला नव्हता. निळी बॅग मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. त्यांचं काउंटरवरचं काम झालं होतं, तरी आत जायला उठेनात. समोर स्टँडबायवाले, जागा उरेल का म्हणून ताटकळत होते. सामान चढवणाऱ्या कोणा लोडरची म्हातारी आई, हातात कापडी पिशवी, दर थोड्या वेळाने काउंटरकडे जाऊन परत येत होती. मी म्हटलं, 'भाऊजी, चला ना, उशीर होतोय.' ते म्हणाले, 'थांब जरा.'

आणि वरच्या कर्ण्यातून ताईचं नाव आलं.

पूर्ण नाव. आधी श्रीमती, मग नाव, मग भाऊजींचं आडनाव. आपण कृपया ताबडतोब काउंटरवर यावं, विमान आपली वाट पाहत आहे. मी भाऊजींचा हात धरला. 'हे काय?'

त्यांनी खिशातून दुसरं तिकीट काढून दाखवलं. 'तिकीटवाला आला नाही तर नाव घेऊन बोलावतात,' ते म्हणाले. 'इतक्या वेळा आली गं ती इथे. तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.'

कर्ण्याने ताईला पुन्हा बोलावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. येणारेजाणारे आपापल्या गडबडीत होते, त्यांच्यासाठी ते कुठलंही नाव होतं. हाक संपली तसे भाऊजी उठले, काउंटरवर गेले आणि दुसरं तिकीट मुलीपुढे ठेवलं.

'ती नाही येणार,' ते म्हणाले. 'तिची जागा रिकामी आहे. त्या आजींना द्या. खिडकी आहे.'

मुलीने तिकिटावरचं नाव वाचलं आणि तिचे डोळे भरले. तिने हाक मारल्यावर म्हातारीला आधी खरंच वाटेना, मग ती पिशवी छातीशी धरून लगबगीने निघाली. भाऊजींनी तिला पुढे घातलं आणि मागून निळी बॅग घेऊन काचेच्या दाराआड गेले. मागे वळून बघितलं नाही.

मी निघणार होते. पण कर्ण्यावरच्या बाईला कुणी कळवायचं राहिलं असावं. तिने ताईचं नाव आणखी एकदा घेतलं, पहिल्यासारखंच, आदराने. ते संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.