छपरातले टॉपर

आमच्या एसटी स्टँडमागच्या चहाच्या टपरीला एका क्लासच्या जुन्या फ्लेक्सचं छप्पर आहे. छापलेली बाजू आत. बाकावर बसून मान वर केली, की ‘टॉपर’ या जाड अक्षरांखालचे मुलांचे चेहरे आपल्याकडे पाहत असतात. चौकात टांगलेले असतानाच उन्हानं त्यांचा लाल-पिवळा रंग खाल्ला. चेहरे निळे पडलेत, डोळे तेवढे काळेभोर राहिलेत.

पूर्वी आम्ही ‘पहिला आला’ म्हणायचो. त्यात येणं होतं, म्हणून पुढं निघून जाणंही होतं. ‘टॉपर’मधून बाहेर कसं पडायचं, ते कुणी सांगत नाही.

परवा दुपारी समोर एक तरुण बसला होता. केस अकाली पिकलेले, पुढ्यातल्या चहावर साय धरलेली.

“हा रोजचा का?” मी टपरीवाल्या मावशींना हळूच विचारलं.

“टॉपर होय? रोज तिथंच बसतो.”

“नाव काय त्याचं?”

“कुणास ठाऊक. सगळे टॉपरच म्हणतात.”

वारा आला तसं मी वर पाहिलं. बरोबर त्याच्या डोक्यावरच्या निळ्या चेहऱ्याला तीच जिवणी, भुवईवर तोच तीळ. श्वास घेतल्यासारखे त्या चेहऱ्याचे गाल फुगत होते, ओसरत होते.

खाली बसलेल्याची छाती हलताना मात्र मला दिसली नाही.