दसऱ्याच्या मुहूर्तावर दोन जनरेटर

प्रबंध परत आला, तेव्हा मी हुबळीच्या पॉवर हाऊसमध्ये असिस्टंट इंजिनियर होतो. मार्गदर्शकांचा शेरा एका ओळीचा होता: गणित ठीक, पण चालू यंत्रावरचे मोजमाप जोडल्याशिवाय डॉक्टरेटसाठी पुढे पाठवणार नाही. वर्षअखेर माझी नोंदणी संपत होती.

विषय होता हंटिंग. दोन जनरेटर एकाच लाइनला जोडले की ते भार वाटून घेतात. भार अचानक वाढला, तर त्यांच्या इंजिनांचा वेग आवरणारे गव्हर्नर गडबडतात. एक इंजिन पुढे धावते, दुसरे मागे राहते, मग उलट. हे झोके शमले तर ठीक. वाढत गेले तर गावाची वीज जाते. माझ्या गणिताप्रमाणे आमच्याकडे ते शमणार होते.

मोजायचे तर मोठा भार एकदम चढायला हवा, आणि पॉवर हाऊस नेमके तेच टाळत असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तेलगिरण्या बंद असत. दसऱ्याला सगळ्यांना एकाच मुहूर्तावर मोटारी सुरू करायच्या असत. आमचे चीफ इंजिनियर देसाईसाहेब दर वर्षी गिरण्यांना पाळ्या लावून देत.

"यंदा पाळ्या नकोत," मी त्यांना म्हणालो. "सगळ्यांना एकदम सुरू करू द्या."

"वीज गेली तर लोक तुमच्याकडे येणार नाहीत. माझ्याकडे येतील."

"गणित सांगतं, जाणार नाही."

"गणिताला कोणी शिव्या देत नाही. पण गिरणीवाले बाबूअण्णांचं ऐकतात. ते हो म्हणाले, तर मी अडवणार नाही."

बाबूअण्णांची गिरणी सर्वांत मोठी. घराणे मूळचे सांगलीकडचे. मुहूर्ताला घाणा मध्येच थांबला तर वर्ष वाईट जाते, असे ते मानत. मी जाऊन त्यांना सगळा प्रयोग समजावला.

"म्हणजे पदवी तुमची आणि अपशकुन आमचा?"

"पाळ्यांमुळे दर वर्षी कोणाचा ना कोणाचा मुहूर्त हुकतो, अण्णा. यंदा सगळ्यांना साधेल."

"हे आधी सांगायचं की हो. उगीच ते गव्हर्नर-बिव्हर्नर ऐकवत बसलात."

दसऱ्याला मुहूर्ताचा भोंगा झाला आणि भार चढला. मीटरचे काटे डोलू लागले. दिवे मंद होत, पुन्हा उजळत. झोके माझ्या हिशेबापेक्षा जास्त टिकले. फोरमन निंगप्पाने एक जनरेटर लाइनपासून तोडायला स्विचवर हात ठेवला. त्याला अडवण्यासारखे गणित माझ्याजवळ उरले नव्हते.

"तडी, निंगप्पा," देसाईसाहेब कानडीत म्हणाले. "जरा थांब."

झोके लहान होत गेले. काटे स्थिरावले. एकही घाणा थांबला नाही, आणि रेकॉर्डिंग मीटरच्या कागदावर पूर्ण आलेख उमटला. स्विच ओढला असता तर तो अर्धवट राहिला असता.

गव्हर्नरच्या सांध्यांतला ढिलेपणा मी गणितात धरला नव्हता. त्यावर एक प्रकरण वाढवले. पदवी मिळाली. देसाईसाहेबांनी त्या दिवशी माझ्यासाठी आपली नोकरी पणाला लावली होती. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

प्रबंधात देसाईसाहेब आणि बाबूअण्णा, दोघांचे आभार मानले आहेत. मार्गदर्शकांनी नावे राहू दिली, मुहूर्त मात्र खोडून 'पूर्वनियोजित एकत्रित भार' असे लिहायला लावले. ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, त्याने पंचांग पाहावे.