वळसा घालून रेवसला

गाडी चार वर्षांची होती आणि मी सेहेचाळीस वर्षांची. पनवेलच्या ज्या डॉक्टरबाईंकडून मी ती घेतली, त्या तिला घर आणि दवाखाना यापलीकडे कुठे नेतच नव्हत्या. सीटवरची प्लॅस्टिकची आवरणंसुद्धा अजून तशीच होती. बसलं की चुरचुर आवाज यायचा. पुढच्या कप्प्यात बाईंचा वाचायचा चष्मा सापडला, तो मी कुरियरने परत पाठवला. मागच्या काचेवर मात्र डॉक्टरांचं लाल अधिकचिन्ह होतं, ते काही निघेना. नखांनी खरवडलं, गरम पाणी लावलं, शेवटी म्हटलं राहू दे.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी उरणच्या एका शाळेत गणित शिकवते. बाबांनी तीस वर्षं ट्रेलर चालवला. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि गुजरात म्हणू नका, नागपूर म्हणू नका, बंगलोर म्हणू नका, कुठेही नेऊन टाकायचा. आता निवृत्त होऊन ओट्यावर बसतात. माझी गाडी दारात आली तेव्हा ते चपला घालून खाली उतरले आणि सवयीने गाडीभोवती फेरी मारायला लागले. ट्रेलरभोवती अशी फेरी मारायला त्यांना विडी संपेपर्यंत वेळ लागायचा. इथे ते चार पावलं चालले आणि परत माझ्यासमोर आले.

"संपली?" बाबा म्हणाले.

"संपली म्हणजे काय? पाच माणसं बसतात."

"केवढाली?" असं म्हणून त्यांनी चारही टायरांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि मान हलवत ओट्यावर जाऊन बसले. ती मान होकाराची की नकाराची, हे मला कळलं नाही.

पहिला आठवडा मी गाडीने शाळेत गेले. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. गाडीने मला वीस लागली, कारण गाडी लावायला जागा शोधावी लागायची. वळायच्या दिव्याचा दांडा समजून मी दर वळणावर वायपर चालू करत होते. कडक उन्हात माझी काच सपासप पुसली जात होती आणि चौकातली माणसं आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. एकदा नववीच्या वह्यांचा गठ्ठा पुढच्या सीटवर ठेवला, तर गाडी कोकलायला लागली. तिला वाटलं कोणीतरी पट्टा न लावता बसलंय. वह्या मागे टाकायच्या हे काही मला सुचलं नाही. मी वह्यांना पट्टा लावला आणि निघाले. फाटकाशी उभ्या असलेल्या शिपायाने ते पाहिलं आणि दार उघडताना माझ्यासोबत वह्यांनाही मान तुकवली.

आठवडाभर असं चाललं. मग मी ठरवलं की रविवारी लांब जायचं. रेवसला, आत्याकडे.

आता इथे जरा सांगायला हवं. उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे रेवस समोर दिसतं. लाँच पकडली की पंधरा मिनिटांत पलीकडे. आमच्या घरातला प्रत्येक जण आत्याकडे आजवर असाच गेला. पण लाँचवर गाडी चढत नाही. गाडीने जायचं तर खोपटे, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असा सगळा वळसा घालून जावं लागतं. अडीच तास.

"लाँचवर गाडी नेता येत नाय म्हणून गाडीनं जायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबांनी क्षणभर विचार केला आणि स्वच्छ शर्ट घातला.

बाबा माझ्या शेजारी बसले. गाडी कोकलली.

"हे काय बोंबलतंय?"

"पट्टा लावा बाबा, मग गप्प बसेल."

"तीस वर्सं चालवली मी. ही मना शिकवते?" गाडी पेट्रोलपंपापर्यंत कोकलत राहिली. पंपावर बाबांनी तिचं ऐकलं.

पहिलं वळण आलं तसे ते ओरडले, "मागचं येऊ दे! मागचं येऊ दे!"

मी दचकून ब्रेक मारला. "मागचं काय?"

"अगं, एकदम नको वळू. पुढं घे, आजून पुढं, मग काप. मागचं चाक चढंल."

"बाबा, मागे काही नाही. मागे डिकी आहे."

त्यांनी मान वळवून पाहिलं. खरंच काही नव्हतं. पण ट्रेलरचे चाळीस फूट अंगातून लगेच जात नाहीत. पेणपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पायपुसणं दाबत होता आणि समोरून ट्रेलर आला की हात आपोआप वर जात होता. दोन ड्रायव्हरांनी त्यांनाही हात केला. मग मात्र ते जरा सैल झाले.

वडखळला चहाला थांबलो. मी ग्लास हातात घेतला एवढ्यात एक गृहस्थ गाडीच्या मागून आले आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"डॉक्टर, ह्या जेवणाआधी की नंतर?"

"मी डॉक्टर नाही हो."

त्यांनी काचेवरच्या लाल चिन्हाकडे बोट दाखवलं.

"गाडी डॉक्टरची होती," मी म्हटलं. "मी शिक्षिका आहे."

ते बाबांकडे वळले. बाबांनी पट्टी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "दुकानवाल्याला विचारा." गृहस्थ पट्टी खिशात घालत पुटपुटले, "रविवारी काय सांगत नाहीत हे लोक."

वडखळ सुटल्यावर बाबा गप्प झाले. मला वाटलं झोपले. पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"हे देऊळ कवा झालं?"

"जुनं असेल. रंगावरून तरी जुनंच दिसतंय."

"आणि हे तळं?"

तळं काही कोणी नव्याने खणलेलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. इकडच्या कारखान्यांचा माल घेऊन ह्या रस्त्यानेही बाबा शेकडो वेळा गेले होते, पण कायम स्टिअरिंगवर. नजर रस्त्यावर आणि आरशात. डाव्या बाजूला देवळं, तळी, आंब्याच्या बागा असतात हे त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं. मी वेग कमी केला. 

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती, धक्क्याच्या रस्त्याकडे तोंड करून. आम्ही तिच्या पाठीमागून आलो. मी हॉर्न वाजवला तशी ती दचकली.

"आगो बाय! तुम्ही कुठनं पडलात?"

"पेणवरनं," बाबा म्हणाले.

"पेणला काय काम होतं?"

"काय नाय. रस्ता होता."

आत्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

जेवायला कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी होत्या. जेवण झाल्यावर आत्याने काचेवरच्या चिन्हाला खोबरेल तेल चोपडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि पदराच्या टोकाने एका झटक्यात काढून टाकलं. मग हात पुसत तिने पुढचं दार उघडलं आणि आडवी बसून पाहिलं. एक पाय आत घेतला, मग दुसरा.

"ह्याला पायऱ्या नाय काय," ती म्हणाली.

"गाडीला कसल्या पायऱ्या?"

"लाँचीला असतात." आणि मग तिने अगदी सहज सांगितलं. चार वर्षांपूर्वी ओहोटीच्या वेळी ती करंजाच्या धक्क्यावर उतरत होती. लाँच खाली गेलेली, पायऱ्यांवर शेवाळ. पाय घसरला. दोघांनी दंड धरले म्हणून वाचली. गुडघा मात्र तेव्हापासून धड नाही, आणि तेव्हापासून तिने लाँचमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं.

आम्ही समजत होतो तिला शेतीतून सवड होत नाही. बोलावलं की ती म्हणायची, भात कापणी आहे, बकरी व्यायली आहे. बकरी चार वर्षं व्यात होती आणि आम्हाला काही वाटलं नव्हतं.

बाबांनी उठून गाडीचं मागचं दार उघडलं. मग म्हणाले, "लुगडी भर."

"आज?"

"गाडी दारात हाय. आज नाय तर कवा?"

आत्याने मानलं, पण रिकाम्या हाताने माहेरी जायला ती तयार नव्हती. तांदळाचं पोतं आलं. नारळ आले. सुके बोंबील, दुधी, शेवग्याच्या शेंगा आल्या. दुसऱ्याच्या गादीवर झोप येत नाही म्हणून तिची गादी आली. ती गादी बघून माझा धीर सुटला, पण बाबांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. बाह्या सरसावून ते पुढे झाले. "पोतं मधी घ्या. वजन चाकावर आलं पायजे. नारळ सीटखाली. हलता कामा नाय." डिकी भरली, मागची सीट छतापर्यंत भरली. बोंबील खिडकीशी, हवेला. एक इंच जागा वाया गेली नाही. बाबांनी मागे सरकून कमरेवर हात ठेवले आणि समाधानाने आपलं काम पाहिलं.

"आता तुम्ही कुठे बसणार?" मी विचारलं.

बाबांनी गाडीकडे पाहिलं. पुढे आत्या बसली होती, पट्टासुद्धा लावून. मागे हात घालायला जागा नव्हती.

"मी लाँचीनं जातो," ते म्हणाले आणि धक्क्याकडे चालू लागले. शर्ट घामाने भिजला होता, पण चाल अशी होती की सगळं आधीपासून ठरवलेलंच होतं.

आम्ही कार्लेखिंडीत होतो तेव्हा बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून घुमला, "मी पोचलो. भात लावू काय?"

आत्याने आधी समोर बघितलं, मग मागे गादीकडे बघितलं. "दादा, तू हाय कुठं?"

"घरी."

"मग आवाज बोंबलातनं कसा येतो?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं हसू आलं. आत्यालाही मग हसू आवरेना. तिचं हसणं थांबलं की माझं सुरू व्हायचं. फोनवर बाबा विचारत राहिले, "लावू काय? किती लावू?"

आत्या एकवीस दिवस राहिली. तिला मी तिच्या बालमैत्रिणीकडे नेलं, बाजारात नेलं, आणि एकदा आमच्या घरच्या जुन्या मिठागराच्या जागी नेलं. तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले आहेत. ती काच खाली करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "चल, ऊन लागतंय," आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

गाडी घेताना मी मनात बरीच यादी केली होती. गोवा, महाबळेश्वर, एकदा तरी कोल्हापूर. आजपर्यंत ती रेवसच्या पलीकडे गेलेली नाही, पण रेवसला मात्र चार वेळा गेली. परवा आत्याशी फोनवर पाचव्या खेपेचं ठरलं तेव्हा बाबा मला म्हणाले, "ह्या वेळेला येताना पुढं मी बसणार. तिला मागं बसव."

फोन चालूच होता. आत्याने ऐकलं.