टबाशेजारचं जेवण

ताई कुठलीही वस्तू समोर ठेवून "घे" म्हणायच्या नाहीत. चहाचा कप असो की साबणाची वडी, हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "हातात घे." पहिल्या दिवशी त्या कप ओट्यावर ठेवतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्याही कप धरून तशाच उभ्या. चहावर साय धरली तेव्हा कुठे मी हात पुढे केला.

वर्तकनगरला त्यांच्याकडे मी पोळीभाजीला जायचे. टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, मिस्टर गेलेले, मुलगा पुण्याला. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी. मुलाने हौसेने बसवली आणि नोकरीला निघून गेला. मासे ताईंच्या गळ्यात पडले ते पडलेच.

मी मूळची कोकणातली. बांगड्याची आतडी काढताना माझं नाक वाकडं होत नाही. पण जिवंत मासा मला बघवत नाही. ते सतत उघडणारं तोंड, तो कधीच न मिटणारा डोळा. टाकीपुढून जाताना मी मान वळवायचे.

एकदा मी पोळ्या लाटत असताना ताई सहज बोलल्या. लहानपणी गावात मीठ आणायला गेल्या की दुकानदार पुडी वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. "फुटली की मातीतलं वेचून न्यायचं. आई तेच आमटीत घालायची. दाताखाली कचकच." मग म्हणाल्या, "तुझी पोळी करपतेय बघ." मी पोळी उलटली.

पुढे एक दिवस माशांच्या दुकानवाल्याने पिशवीत निळा मासा आणला.

"ताई, हा नवीन आहे. महिनाभर वेगळ्या टबात ठेवा, मग टाकीत सोडा."

"का? काय झालंय त्याला?"

"काही दिसत नाही. पण आत असू शकतं ना."

"दिसत नाही तरी वेगळा बसवायचा? माझ्या घरात वेगळं कोणी बसत नाही."

तो हसला. "अहो, मासा आहे तो!"

"मासा आहे म्हणून काय झालं?"

निळा थेट टाकीत गेला.

काही दिवस बरे गेले. मग टाकीतला पिवळा मासा दगडाला अंग घासायला लागला, म्हैस खांबाला घासते तसा. त्याच्या डोळ्यावर ढग आला. आणि जुना केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, ज्याला ताई बाळ्या म्हणायच्या, तो कोपऱ्यात धापा टाकायला लागला. ताईंचं जेवण तुटलं. "बाकीच्यांचं बघू गं, पण बाळ्या जगायला पाहिजे," एवढंच म्हणायच्या.

दुकानवाला आला. म्हणाला, "अंगावर किडे आहेत. काचेसारखे असतात, दिसत नाहीत. गोड्या पाण्यात धरलं की पांढरे पडतात. एखादं भांडं द्या." ताईंनी हाताला येईल ते दिलं. माझा भाताचा टोप!

त्याने पाण्यात कसले तरी थेंब टाकले आणि पिवळ्याला आत सोडलं. आधी काहीच नाही. मग त्या स्वच्छ, तुकतुकीत अंगावर पांढरे ठिपके उमटायला लागले. डोळ्यावर, कल्ल्याशी, शेपटीच्या मुळाशी. उडदाच्या डाळीएवढे, चपटे. एकेक सुटून तळाला जायला लागला. काही तळाला पडल्यावरही अंग आक्रसत होते. एवढे दिवस तो मासा ही पंगत अंगावर घेऊन फिरत होता आणि आम्ही म्हणत होतो, काय सुंदर पिवळा आहे. मी मोरीत जाऊन ओकले. त्या दिवशी माझ्याने भाताकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी नवा टोप आणला.

"टाकीत यांची अंडी आहेत," त्याच दिवशी निघताना दुकानवाला म्हणाला. "सगळे मासे टबात, औषधात ठेवायचे. टाकी रिकामी. अंगावर बसायला मासा मिळाला नाही की पिल्लं मरतात."

"म्हणजे वेगळंच बसवायचं."

"नाहीतर बाळ्यापण जाईल, ताई."

ताई टाकीशी गेल्या, कोपऱ्यातल्या बाळ्याकडे वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "ठेव."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला तर ताई टेबलाशी नाहीत. बाथरूमबाहेरच्या बोळात, माशांच्या टबाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. टबातून औषधाचा आंबूस वास येत होता, पाण्यावर बुळबुळीत साय, तळाशी गाळ.

"शी! ताई, इथे जेवणार?"

"मग त्यांनी एकट्यांनी खायचं?"

"ते मासे आहेत."

"तूपण दुकानवाल्यासारखी बोलायला लागलीस. वरण वाढ."

मी श्वास रोखून वाढलं. रोज तेच. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दारात आली. "काय हो, काही मेलंय का घरात?"

"अजून नाही," ताई म्हणाल्या. "या ना, जेवायला बसा."

ती परत आली नाही.

पण निळा मेला, मग पिवळा. ताईंनी दोघांना तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं. बाळ्या उरला. औषधाचे दिवस संपल्यावर पिवळ्यासारखं त्यालाही गोड्या पाण्यात धरलं. ताई म्हणाल्या, "मला आता बारीक दिसत नाही. तू बघ."

मी? मी तोंडावर ओढणी धरून वाकले.

"नीट बघ. तळ बघ."

नाक पाण्याला टेकेल एवढी वाकले. तळ चकचकीत होता.

"काही नाही, ताई."

"नक्की?"

"नक्की."

ताईंनी स्वतःच्या हाताने बाळ्याला परत टाकीत सोडलं. त्यानंतर दुकानवाल्याने कितीदा विचारलं, पण त्यांनी नवा मासा आणला नाही. "वेगळा ठेवायला लागणार असेल तर आणायचाच नाही."

थंडीत ताई गेल्या. झोपेतच. मी पोचले तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. मुलगा रडत होता, कोणी फोन लावत होतं, कोणी चटया मागत होतं. टाकीचा दिवा कोणी लावला नव्हता. बाळ्या काचेवरून वरखाली करत होता.

त्याच्या खाण्याचा डबा मी उघडला. सडक्या सुकटीसारखा वास आला. दाणे बोटांना चिकटले. मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं, काचेला बुळबुळ. बाळ्या आला आणि माझ्या बोटाला तोंड लावून ओढायला लागला. खरखरीत, बारीक दातांचं तोंड.

मी हात काढला नाही.