क्रूसाचं मागचं टोक

चांगुणाबाईचं देवाशी भांडण उपवासकाळभर चालूच होतं. गुड फ्रायडेच्या सकाळी ते हातघाईवर आलं, कारण चर्चच्या फाटकातच पोरगा म्हणाला, "माय, यंदा तू रिक्षात बस. पाण्याचे जार त्यातच जाऊन राह्यले."

"काऊन? मी का पाण्याचा जार हाये?"

प्रेमानंद जार रिक्षात चढवू लागला. मायच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, हे त्याला पन्नाशी गाठेपर्यंत पुरतं कळलं होतं.

देऊळघाटच्या पुढच्या टेकडीवर गुड फ्रायडेला क्रूस पायी न्यायचा, ही त्यांच्या लहानशा मंडळीची रीत. लाकूड जड. एकानं खांदा द्यायचा आणि मागचं टोक दगडांवर आदळू नये म्हणून दुसऱ्यानं ते उचलून धरायचं. नवरा कडूबा होता तोवर खांदा त्याचा, टोक चांगुणाबाईचं. तो गेल्यावर खांदा पोराकडे आला, टोक मात्र तिचंच राहिलं. आणखी एक नियम तिनंच घातलेला. क्रूसाच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. एखादं पोट्टं पुढे पळालं की ती ओरडायची, "येशूले वाट दाखवाले चालला का बे?" तेव्हा फादरसुद्धा दोन पावलं मागे सरकायचे.

पण गुडघ्याला नियम कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, वय झालं आजी. जसं काही तिला ते ठाऊकच नव्हतं!

यंदाही तिनं हट्टानं टोक धरलं. टेकडीच्या पायथ्याशी प्रार्थना आटोपून क्रूस उचलला आणि तिथेच गुडघ्यानं दगा दिला. ती मटकन बसली, टोकाला हिसका बसला, पुढे प्रेमानंद कोलमडला. क्रूस सावरताना त्याचा तळहात सोलवटून निघाला. कुणी तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं. फादरांनी नुसतं उन्हाकडे पाहिलं.

चांगुणाबाई उठली आणि मुकाट्यानं रिक्षात जाऊन बसली.

"शिमोनानं येशूचा क्रूस उचलला होता," ती रिक्षावाल्या गणेशवर फिस्कारली. "येशूले रिक्षात नाही बसवलं!"

गणेशला शिमोन कोण ते माहीत नव्हतं. त्यानं रिक्षा चालू केली.

"हळू! क्रूसाच्या मांगं राह्य!"

"मावशी, चढावावर थांबली तं हे डबडं पुन्हा उचलत नाही."

रिक्षा फटफटत क्रूसाच्या पुढे निघून गेली. पोरं खुदकन हसली. चांगुणाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. जन्मभर लोकांना जे करू दिलं नाही, ते आज तिनं स्वतः केलं, तेही बसल्या बसल्या.

माथ्यावर क्रूस रोवायचा खड्डा तेवढा होता. त्याच्या काठाशी बसून तिनं येशूपुढे मनातलं सगळं बाहेर काढलं. "तेहतिसाव्या वर्षी गेला तू. तुले गुडघे काय माहीत? सारं भोगलं म्हनतेत. म्हातारपन कुठं भोगलं? ते आमच्यासाठीच ठेवलं!"

रागानं तिला रडू आलं. डोळे पुसून तिनं खाली पाहिलं, तर क्रूस शेवटचा चढ चढत होता. प्रेमानंद वाकला होता, पायात पाय अडकत होते. मागचं टोक कुणीच धरलं नव्हतं. ते दगडादगडावर आपटत होतं आणि प्रत्येक दणका पोराच्या खांद्यात जात होता. आजवर ती म्हणत आली होती, मरियामाता दुःखी होती. आज तिला वाटलं, ती चिडलीही असेल. लेकराला मार बसतोय आणि आईनं नुसतं पाहायचं?

"अबे, टोक धरा ना कोनी!" ती ओरडली.

सून मंजुश्री पुढे झाली, तशी प्रेमानंदानं मान हलवली. "राहू दे. ते मायचं हाये."

चांगुणाबाई उठली. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, पण दगड धरत, गुडघ्याला शिव्या देत ती उतरली आणि क्रूसाला वळसा घालून मागे गेली. माथा हाकेच्या अंतरावर होता. तिनं टोक उचललं.

"गाढवा," ती मागून म्हणाली, "मंग मले रिक्षात कायले बसवलं?"