पॉवर हाऊसच्या दारातला कॉम्प्युटर

१७ मे १९८७, रविवार, दुपारचे चार. मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत बसलो होतो... तासाभरात बाबांच्या शिफ्टमधले लोक माझा कॉम्प्युटर बघायला येणार होते.

माझा म्हणजे मीच जोडलेला, गेम खेळायचा. तयार मशीन घ्यायची आमची ऐपत नव्हती. मी दहावीत दोनदा अडकलेला, सीताबर्डीला एका टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. एका मासिकातलं सर्किट उतरवून घेतलं, बोर्ड आणि चिप्स दिल्लीहून पोस्टाने मागवल्या आणि दुकान बंद झाल्यावर थोडं थोडं जोडत गेलो.

ही नुसती हौस नव्हती. शहरातच सदर भागात एक जण व्हिडिओ गेमचं पार्लर काढणार होता. त्याने सांगितलं होतं, सोमवारी मशीन आणून दाखव, नीट चाललं तर अशी सहा तुझ्याकडूनच करून घेतो. सहा मशीन म्हणजे कुणाच्या हाताखालचं काम सुटणार होतं...

पैसे जिथे वाचवता येतील तिथे वाचवले. स्क्रीन म्हणून दुकानात भंगारात पडलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. पेटी ट्रंकवाल्याकडून उरलेल्या पत्र्याची. चिपखाली सॉकेट लावतात, म्हणजे जळली तर काढून दुसरी बसवता येते... ती सॉकेटं मी घेतलीच नाहीत. सगळ्या चिप्स सरळ बोर्डवर सोल्डर केल्या.

व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सांभाळणाऱ्या स्टॅबिलायझरचे पैसे मात्र बाजूला ठेवले होते. एका संध्याकाळी बाबांनी ते पाहिले. बाबा वीज बनवणाऱ्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर, आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो.

"पॉवर हाऊसच्या दारात राहून स्टॅबिलायझर घेऊन राहिला? लोकं हासतीन गा. ते शहरातल्या लोकांसाठी असते."

खरं सांगायचं तर कॉलनीत एकाही घरी स्टॅबिलायझर नव्हता. घेणं म्हणजे आपल्याच लोकांच्या कामावर शंका घेतल्यासारखं. आमच्याकडे वीज जायची नाही, दिवे कधी मंद व्हायचे नाहीत. बल्ब तेवढे महिन्या-दोन महिन्यांत उडायचे, पण त्याबद्दल सगळे बल्ब विकणाऱ्याला शिव्या द्यायचे.

मी तरी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा बाबांनी ते पैसे उचलून आईकडे दिले, किराण्यात गेले.

दुकानात मशीन तीन दिवस सुरळीत चाललं होतं. त्यामुळे मीही मनाला समजावलं... आणि सोमवारी सदरला न्यायच्या आधी एकदा घरी दाखव, हा हट्टही बाबांचाच होता.

पाच वाजता चौघं आले. आईने चहा ठेवला. गेम कॅसेटवरून लोड व्हायचा, त्याला पाच मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ टेपमधून कर्कश किरकिर चालायची. शेजारचे वानखेडे काका अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गाणं केव्हा सुरू होते गा?" सगळे हसले. बाबाही हसले.

मग स्क्रीनवर विटांची भिंत उभी राहिली. खाली फळी, वर उडणारा चेंडू. पहिल्यांदा बाबाच खेळायला बसले. पोराने बनवलं, पोराने बनवलं, असं प्रत्येकाला दोनदा सांगितलं... ते वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा मिनिटं चाललं असेल. चेंडू मधेच थांबला, भिंतीच्या जागी नुसते चौकोन झाले आणि पत्र्याच्या पेटीतून वास आला. मी प्लग ओढला. व्होल्टेज आवरणारा पार्ट जळाला होता आणि जाता जाता चिप्सना घेऊन गेला होता. सोल्डर केलेल्या, एकही काढता न येणाऱ्या चिप्स.

बाबा उठले, शर्ट नीट केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मले माहीतच होतं. याच्या हातून पुरं काहीच होत नाही."

वानखेडे काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले.

सोमवारी सदरला मी रिकाम्या हाताने गेलो, आठ दिवस मागितले. पार्लरवाल्याने ऐकून घेतलं, पाणी दिलं... आणि मशीन मुंबईहून तयार मागवली.

त्याच आठवड्यात मी दुकानमालकाचा व्होल्टेज मोजायचा मीटर मागून घरी आणला आणि त्याच प्लग पॉइंटमध्ये त्याच्या पिना घातल्या. काटा दोनशे अडुसष्ट व्होल्टवर, असायला हवेत दोनशे तीस. दुकानात कधी दोनशेच्या वर जायचा नाही. वीज बनते तिथून आम्ही इतके जवळ होतो की ती आमच्याकडे जास्तच येत होती. बल्ब का उडायचे ते तेव्हा कळलं.

बाबा माझ्या मागे उभे होते. काटा त्यांनी पाहिला. ज्यांचा सगळा जन्म असले काटे वाचण्यात गेला, त्यांना तो वाचता आला नाही असं मी कसं म्हणू...

"तुह्या दुकानातला मीटर खराब असंन," ते म्हणाले आणि ड्यूटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी तो मीटर मी दुकानातल्या दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिला. दोन्हींत फरक नव्हता. हे मी घरी सांगितलं नाही. वाटलं, आज ना उद्या बाबा स्वतःच विषय काढतील, तुहं चुकलं नव्हतं म्हणतील... त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

एकूण खर्च दोन हजार तीनशे सत्तर. देणं अकराशे... त्यातले सातशे ताईचे, तिच्या शिवणकामाचे, चारशे मालकाचे. दोन वर्षांत सगळं फेडलं. येणं फक्त बाबांकडून होतं, एक वाक्य. ते बुडीत धरलं.