डाव्या किडनीची तालीम

माझ्या साडूंइतकं दुःख आगाऊ भोगून ठेवलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही. लोक उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ठेवतात, तसे हे वर्षभराचे त्रास करून ठेवतात. शुक्रवार पेठेत त्यांचं दोर-सुतळीचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणजे आम्ही दोघं एकाच सासऱ्याचे जावई. पण मी नुसता जावई, ते थोरले. त्यांचं तत्त्व असं की कुठलंही मोठं संकट येणार असेल, तर त्याचा एक छोटा घास आधीच खाऊन बघावा, म्हणजे पुढे ठसका लागत नाही. याला ते तालीम म्हणतात. फेब्रुवारीत, जेव्हा रात्री अजून चादर लागते, तेव्हा हे भर दुपारी पंखा बंद करून माळ्यावरच्या पत्र्याखाली जाऊन बसायचे. कशाला, तर मे महिन्याची तालीम. मे महिन्यात तेही आमच्यासारखेच घामाने निथळायचे, फक्त चेहऱ्यावर परीक्षा आधीच पास झाल्याचा भाव असायचा.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे काही नवीन सांगायला नको. बाकीचे लोक पाणी नसतं त्या दिवशी काटकसर करतात. साडू पाणी येतं त्या दिवशी करायचे. "पाण्याच्या दिवशीच माणूस नासतो की, साडूभाऊ. सवय मोडती," असं म्हणून भरलेल्या पिंपावर ते स्वतः झाकण ठेवून त्यावर बसायचे. एका दिवाळीला मी त्यांच्याकडे मुक्कामी होतो. नळ धो धो वाहतोय आणि मला अभ्यंगस्नानाला अर्धी बादली! निम्मं उटणं अंगावर तसंच ठेवून मी फराळाला बसलो. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, माझ्या ताटात एक करंजी जास्त वाढली. त्या घरात नुकसानभरपाईचं खातं अक्कांकडे असायचं.

मुलीच्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. पाठवणीच्या वेळी घरात रडारड होणार, अक्कांच्या तब्येतीला ते झेपणार नाही, म्हणून यांनी लग्नाआधी पाठवणीच्याच तालमी घेतल्या. मुलीला ट्रंक देऊन जेऊरला आपल्या बहिणीकडे धाडायचं, स्टेशनवर सगळ्यांनी मनसोक्त रडून घ्यायचं, आणि दोन दिवसांनी मुलगी परत. असं इतक्यांदा झालं की स्टेशनवरचा चहावाला या कुटुंबाच्या दुःखाबद्दल हळहळायला लागला. खऱ्या पाठवणीला मात्र एकाच्याही डोळ्यांत पाणी येईना. व्याही गंभीर चेहऱ्याने मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी येवडी जड झाल्ती का ओ ह्यांना?" शेवटी माझ्या बायकोने घराण्याची लाज राखण्यासाठी एकटीने हंबरडा फोडला.

पुढे अक्कांच्या दोन्ही किडन्या हळूहळू थकत गेल्या आणि डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. परत आल्या की त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. किडनी बदलायला हवी असं ठरलं, आणि तपासण्या करता करता साडूंचीच जुळली. द्यायची की नाही हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारूच दिला नाही. त्यांची काळजी वेगळी होती. डॉक्टरांनी समजावलं होतं की डावी किडनी काढल्यापासून अक्कांच्या अंगात जोडेपर्यंत तिला रक्त मिळणार नाही; तेवढा वेळ तिची भूक कमी राहावी म्हणून तिला थंड द्रवाने धुऊन बर्फात ठेवतात. "आणि इजा नुसती रक्त नसताना होते असं नाही," डॉक्टर म्हणाले, "रक्त परत सुरू झालं की त्या लोंढ्यानंही होते."

साडू खुर्चीतून अर्धे उठले. "म्हंजे आमच्या नळागतच! पाइप कोरडा आसताना फुटत न्हाई बघा. पाणी आलं की फुटतो."

डॉक्टर हसून "तसंच काहीसं" म्हणाले, आणि बोलण्याच्या भरात त्यांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी हाताला पट्टा बांधून थोडा वेळ आवळायचा, सोडायचा, परत आवळायचा, असं केलं तर किडनीला रक्ताविना राहायची तयारी होते का, याचा काही ठिकाणी अभ्यास चाललाय. पण खात्रीचं अजून काही नाही आणि घरी तर मुळीच करायचं नाही, हे त्यांचं पुढचं वाक्य साडूंनी ऐकलंच नाही. जिन्यात माझा दंड धरून ते म्हणाले, "आयला, तालमीचं शास्त्र निघालंय म्हंजे! आन् आमाला सगळे येड्यात काढत हुते!"

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर त्यांच्या दंडाला सुतळीचे वेढे आणि हात वांग्याच्या रंगाचा. मी सुतळी कापून काढली, तर त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र विकत आणलं. मग काय विचारता! दंडाला पट्टा बांधलेला, नळी लोंबतेय, आणि दोर मोजायला दोन्ही हात लागत असल्यामुळे तो रबरी फुगा गिऱ्हाइकाच्या हातात. "जरा दाबा की ओ. आजून. हां, बास." मंडपाचा दोर न्यायला आलेली माणसं फुगा दाबत रांगेत उभी राहायला लागली. कुणी विचारलंच तर "किडनीची शाळा भरलीय" एवढंच उत्तर. मागे राहणाऱ्या उजव्या किडनीचीही त्यांना दया आली. रात्री ते मुद्दाम डाव्या कुशीवर झोपायला लागले, म्हणजे डावी दबून राहील आणि उजवीला एकटीने घर चालवायची सवय होईल. ही युक्ती त्यांनी खुद्द डॉक्टरांनाच कौतुकाने सांगितली, तेव्हा पट्ट्याचंही बिंग फुटलं. डॉक्टर भयंकर चिडले. "आम्हाला तुमची किडनी काढायचीय, हात नाही. दोन्ही हात शाबूत घेऊन या." यंत्र जप्त करून माझ्या ताब्यात देण्यात आलं.

अक्का हे सगळं वर पलंगावरून बघत-ऐकत होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "जलमभर तालमीच करून घेतल्या बघ गं ह्यांनी माज्याकडनं. नाटक कदी हुतंय की!"

ऑपरेशनच्या दिवशी दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. स्ट्रेचरवरून जाताजाता साडूंनी सर्जनची बाही धरली. "सायेब, तिच्या अंगात जोडल्यावर व्हॉल एकदम सोडू नका. आदी एक आटा, मग दुसरा."

"व्हॉल्व्ह नसतो हो काका, चिमटा असतो."

"आसंना का चिमटा. हळूच सोडा."

दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली. फक्त किडनी काम करेना. रक्त मिळत होतं, रंग चांगला होता, पण लघवीच्या पिशवीत थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, बिचारी थोडा वेळ रक्तावाचून राहिली ना, कधीकधी अशी गप्प होऊन बसते. बहुतेक जागी होईल, तोवर डायलिसिस करू. सकाळ-संध्याकाळ आम्ही त्या रिकाम्या पिशवीकडे असे बघत बसायचो की नर्सनाही संकोच वाटावा. अक्का तेवढ्या शांत होत्या. मला म्हणाल्या, "सोलापूरची हाय ती. रोजच्या रोज कुटनं पाणी येणार?" मी हसलो, माझी बायको हसत हसत रडली. हा विनोद मी चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या साडूंना जाऊन सांगितला. ते हसले नाहीत.

मी त्यांना धीर द्यायला म्हणून चेष्टेने विचारलं, "याची तालीम नव्हती का केली?"

ते काचेपलीकडे झोपलेल्या अक्कांकडे वळले. मग म्हणाले, "केल्ती की. ही नसली तर कसं, म्हणून एकदा दुकानात डोळे मिटून बसलो हुतो. लई हिंमत करून बसलो हुतो. तेवड्यात ही च्या घिऊन आली. कप बगितला आन् रडाय लागलो. तिला सांगितलं, डोळ्यात सुतळीचं कुसळ गेलं. ती एकच तालीम जमली न्हाई, साडूभाऊ." मला एकदम त्यांच्याविषयी माया दाटून आली. मी त्यांच्या पायावरची चादर उगाचच नीट केली.

किडनी जागी झाली ती एका दुपारी, आमच्यापैकी कुणाचंही लक्ष नसताना. नर्सने दारातूनच आरोळी ठोकली, "काका, लघवी आली!" सगळा व्हरांडा उठून उभा राहिला. माझी बायको पेढे आणायला धावली. एका बाईला लघवी झाली म्हणून अनोळखी माणसांना पेढे भरवणारं आमचं पहिलंच खानदान असावं. साडूंची खुर्ची मी आत ढकलत नेली. पिशवीत पिवळा धमक रंग चढत होता आणि अक्का त्यांच्याकडे बघून हसत होत्या. साडूंचे हात मांडीवर आणि तोंडावर भर बाजारात वाट चुकल्यासारखा गोंधळ. त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता काय करायचं आसतं ओ?"

"काही नाही," मी म्हटलं. "अक्कांजवळ बसायचं असतं."

ते बसले. परवा त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाही दोघं दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसली होती. अक्का सुतळीचा गुंडा करत होत्या आणि साडू लड हातात धरून होते. बसवलेली किडनीही जन्माला पुरतेच असं नाही, कधीतरी थकते, असं डॉक्टरांनी त्याच सकाळी तपासणीत पुन्हा बजावलं होतं. मला वाटलं, आता हे नवीन काय आवळायला घेतात कोण जाणे. भीत भीत विचारलं, "मग? तयारी सुरू केली की नाही?"

साडूंनी गुंड्यावरची नजर वर केली नाही. "तवाचं तवा बगू," ते म्हणाले, आणि अक्कांना सुतळी मोकळी मिळावी म्हणून हात थोडा पुढे केला.